नऊ नंबरचा बूट

“आठ नंबर द्या, भाऊसाहेब,” असं म्हणून बिरू येडगेने पायातले बूट काढून माझ्या खिडकीच्या फळीवर ठेवले.

मी आधी बुटांखाली वर्तमानपत्र सरकवलं. मग चष्मा लावला आणि वही उघडली. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

“येडगे बिरू सोमा, टेक्निशियन,” मी वाचून दाखवलं. “बूट नऊ. पट्टा लार्ज. नऊ आहे तुझा.”

“व्हता. आता आठ झालाय.”

“काय झालाय?”

“पाय.”

त्याच्या मागे रफिक मुलाणी हातमोज्यांसाठी उभा होता. तो खिडकीला टेकून हसायला लागला. “गडी आता खालनं कमी व्हाया लागला, भाऊसाहेब. दिवाळीपर्यंत नुसतं हेल्मेट येतंय बघा ड्युटीवर.”

बिरूही हसला. मी हसलो नाही. स्टोअरच्या खिडकीत बसणाऱ्याने हसू नये, असं माझं मत होतं.

कोयनेच्या खोऱ्यावरच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, तेव्हा आमच्या कंपनीच्या एकसष्ट पवनचक्क्या होत्या. टॉवर पंचावन्न मीटरचे. आतल्या शिडीने वर चढायचं, आणि वर पात्यांच्या मागे जी बंद खोली असते, जिला आम्ही डबा म्हणायचो, तिथे काम करायचं. चढणाऱ्या प्रत्येकाला बूट, हेल्मेट, हातमोजे आणि अंगाला बांधायचा पट्टा माझ्या खिडकीतून मिळे. खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती घट्ट बसणारा तो पट्टा म्हणजे माणसाचा वरचा जीव. कोणाला काय द्यायचं ते रुजू होताना मोजून वहीत लिहिलेलं असे, आणि वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवलं होतं: रुजू होतानाचा नंबर हाच नंबर.

त्या लाल ओळीला कारण होतं. आदल्या अधिक महिन्यात माझ्याकडून अकरा जणांनी नंबर बदलून बूट नेले. कोणाला चावत होते, कोणाला सैल पडत होते. महिना संपल्यावर पुण्याचे साहेब पाहणीला आले आणि गाडी पंक्चर झाली म्हणून एका गॅरेजात थांबले. पंक्चर काढणाऱ्याच्या पायात आमच्या कंपनीचे बूट होते. चौकशी झाली. अकरापैकी सात जोड जावयांच्या पायांत निघाले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, आणि लोखंडी टोकाचा, अस्सल चामड्याचा नवा बूट यासारखं वाण बाजारात मिळत नाही. सात सासरे एकेक समज घेऊन सुटले. लेखी ताकीद मला मिळाली.

बिरूने आठ नंबर मागितला त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. तो लागून चार दिवस झाले होते. आणि बिरूच्या थोरलीचं लग्न मार्गशीर्षात झालं होतं. मी जेवायला गेलो होतो.

“जावई काय करतो रे तुझा?” मी विचारलं.

“कराडात ग्यारेजला हाय.”

“असं का! त्याचा नंबर काय?”

रफिकचं हसणं थांबलं. बिरूने फळीवरच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“माझ्यासाठी मागतोय, भाऊसाहेब.”

“सगळे स्वतःसाठीच मागतात.”

“माझ्याकडं बघून तरी बोला.”

बघायला काही अडचण नव्हती. वर्षापूर्वीचा बिरू आणि हा बिरू, दोन माणसं होती. शंभर किलोच्या वर वजन असलेल्याने टॉवर चढायचा नाही, असा नियम आला तेव्हा बिरू एकशे सहा भरला. घोरपडे मॅडम आमच्या साइटच्या प्रमुख. त्यांनी त्याला सहा महिने दिले: वजन उतरव, नाहीतर गेटवर वॉचमन हो. ज्या सड्यावर बापाने म्हशी चारल्या, त्या सड्याच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचं, हे बिरूला मानवणारं नव्हतं. त्याने कंपनीची जीप सोडली. रोज खालच्या वाडीतून घाट चढून कामावर यायचा आणि उतरून जायचा. घरात चार म्हशी, आणि हा बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा प्यायचा. सहा महिन्यांत पंचाण्णव झाला, तरी थांबला नाही. त्या सकाळी तो अठ्ठ्याहत्तर किलोचा होता. गालफडं बसली होती, घड्याळ कोपरापर्यंत चढत होतं. त्याच्या माघारी लोक विचारत, साखर निघाली काय, का दुसरंच काही?

हे सगळं मी रोज पाहत होतो. तरी म्हणालो, “पोट उतरतं, गाल उतरतात. तिथं चरबी असते. पाय म्हणजे हाड. हाड उतरत नाही.”

“हौसा बी हेच म्हनायची,” बिरू म्हणाला. हौसा त्याची बायको. “मग अंगठी बोटातनं निसटून म्हशीच्या गव्हाणीत पडली. दोगं मिळून शेण चिवडत बसलो. तवापास्नं गप हाय.” त्याने उजवा पाय उचलून फळीच्या कडेला लावला. “थांबा, घालूनच दावतो.”

“पाय खाली घे. पाय दाखवू नकोस, वही दाखवतेय.”

त्याने पाय खाली घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “बरं, बूट ऱ्हाऊ द्या. पट्टा तरी मिडियम द्या. मांडीच्या पट्ट्या शेवटपतुर वढल्या तरी मधनं हात जातोय. पट्टा तर न्हाई ना जावयाला देत कुनी?”

त्याचं म्हणणं खरं होतं. मिडियमचे चार पट्टे माझ्या मागच्या कपाटात होते. पण एक रकाना मोडला की दुसरा मोडतो.

“वार्षिक तपासणी ऑगस्टात आहे. तेव्हा मोजून बघू. घाई असेल तर मॅडमना सांग. त्यांनी चिठ्ठी दिली तर देतो.”

तो मॅडमकडे जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. मॅडम त्याला डॉक्टरकडे पाठवतील, डॉक्टर अठ्ठावीस किलो कुठे गेले म्हणून विचारतील, पुन्हा कागद, पुन्हा तपासण्या, आणि तोवर गेटवरची खुर्ची. ती खुर्ची चुकवायलाच तर त्याने हे सगळं केलं होतं.

त्याने बूट घातले. नाड्या इतक्या ओढल्या की बुटाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चढल्या. ते मी पाहिलं. पुढे चौकशीत मला पुष्कळ विचारलं गेलं, पण हे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

“चल रे बिऱ्या,” रफिक म्हणाला. “जावयाला अनारसे खाऊ घाल. बूट काय, झिजत्यात.”

साडेदहाला सत्तावीस नंबरच्या टॉवरवरून निरोप आला. डब्याच्या छतावर वारा मोजायचं यंत्र असतं, तीन वाट्यांचं, भिंगरीसारखं फिरणारं. ते बंद पडलं होतं. ते नवं द्यायचं तर जुनं हातात आल्याशिवाय द्यायचं नाही, असाही माझाच नियम होता. म्हणून यंत्राचं खोकं मांडीवर घेऊन मी स्वतः जीपने गेलो. बिरू आणि रफिक आधीच वर पोचले होते. चक्की थांबवून पाती बांधून ठेवली होती. वरून साखळी आली, जुनं सुटताच खाली सोडायच्या बोलीवर तिला मी खोकं अडकवलं, आणि टॉवरच्या दारातल्या पायरीवर वॉकीटॉकीचा सेट घेऊन बसलो. ड्रायव्हर जीप घेऊन डिझेल भरायला गेला.

सड्यावर झाड नाही. जांभा दगड, वाळलेलं गवत आणि वारा. मिरगाच्या आधीचा वारा एका लयीत येत नाही, धक्के देत येतो.

“सत्तावीस, वारा नऊवर आहे,” कंट्रोल रूममधून घोरपडे मॅडमचा आवाज आला. “दहाच्या वर गेला की छत सोडायचं. ऐकलं का?”

“ऐकलं, मॅडम,” रफिक म्हणाला. “बिरू छतावर हाय. दोनच बोल्ट ऱ्हायलेत.”

मी पायरीवरून उठून छत दिसेल एवढा मागे गेलो आणि वर पाहिलं. डब्याच्या पांढऱ्या छताच्या मागच्या टोकाला बिरू गुडघ्यावर बसला होता. पंचावन्न मीटरवरून माणूस बोटाएवढा दिसतो, पण त्याची प्रत्येक हालचाल दिसते. तो उठला. छताला मधोमध उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार असतो. तो वळला, उजवा पाय उतारावर टेकवला. पाय वळला, पण बूट वळला नाही. मी हे शब्द नंतर जुळवलेले नाहीत. मला तसंच दिसलं. टाच बुटातून वर आली, बूट जागच्या जागी फिरला, आणि बिरू छताच्या कडेवरून गेला.

ओरडण्याचा आवाज नंतर आला. त्याआधी बूट आला. माझ्यापासून चार हातांवर जांभ्यावर आपटला आणि उडून गवतात गेला.

अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

बिरूचा दोर छतावरच्या कठड्याला अडकवलेला होता. दोराने त्याला धरलं. पाठीवरच्या कडीला लटकून तो डब्याच्या बाजूला झुलत होता, छताच्या कडेपासून दीड मीटर खाली. एक पाय बुटाचा, एक मोज्याचा. वाऱ्याने त्याला फिरवलं, डब्यावर आपटलं, परत फिरवलं.

“पडला! बिऱ्या पडला!” रफिकचा आवाज सेटमधून फाटून येत होता. “लटकलाय! धरतो, म्या धरतो त्याला!”

“रफिक, आधी स्वतःचा दोर अडकव,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “अडकवलास? आता छतावर पालथा पड. बिरू शुद्धीवर आहे का?”

“हाय. बोलतोय.”

मी बूट उचलला होता. कशासाठी, ते माहीत नाही. हातात काहीतरी हवं होतं. टोकात चिंध्यांचा बोळा होता. तळाशी पुठ्ठ्याचं पान घातलेलं होतं, पायाच्या आकाराचं कापलेलं. त्या पुठ्ठ्यावर घामाने पायाचा ठसा उमटला होता. बुटाची कड आणि ठसा यांच्यामध्ये माझी दोन बोटं बसत होती.

मी वर पाहिलं, तेव्हा रफिक छताच्या कडेवरून वाकला होता आणि हात खाली सोडत होता.

“बिऱ्या, हात दे! वर कर हात!”

पट्टा वाटपाआधी मी स्वतः दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यात एका माणसाला सैल पट्ट्यात लटकवून दाखवलं होतं, जमिनीपासून फूटभर उंच. त्याला म्हणाले, हात वर कर. त्याने केले, आणि सदरा काढावा तसा तो पट्ट्यातून खाली निसटला. सगळे हसले होते. पट्टा अंगाला घट्ट असेल तर हात वर केले काय आणि खाली केले काय. सैल असेल तर खांद्यावरच्या पट्ट्यांना अडवून धरायला फक्त दंड उरतात.

बिरूचा पट्टा सैल आहे, हे त्या घडीला खाली एकालाच माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं. रफिक सकाळी खिडकीपाशी होता, पण बिरूने पट्ट्याचं सांगितलं ते आवाज खाली घेऊन, माझ्यापुरतं.

मी सेटचं बटण दाबलं.

कंट्रोल रूममध्ये सेटवरचं सगळं बोलणं यंत्रात भरून राहतं, वेळेसकट. मला ते यंत्र आठवलं. ‘पट्टा सैल आहे’ म्हणालो की पुढचा प्रश्न येणार: तुम्हाला कसं कळलं? एक ताकीद झालेलीच होती.

मी बटण सोडलं.

“हात वर, बिऱ्या! आरं, बघतोस काय, वर कर!”

बिरूचा उजवा हात हलला. मी पुन्हा बटण दाबलं. तोंड उघडलं. वही माझ्या बाजूची होती. नऊ नंबर, लार्ज, त्याच्या सहीसकट. मी न बोलता हे घडलं तर कागदावर माझं काहीच चुकलेलं नव्हतं. हे सगळं मी शब्दांत मांडून विचार केला असं नाही. पण हे सगळं माझ्या डोक्यात होतं, एवढं सांगायला हवं.

बटण सुटलं.

वाऱ्याने बिरूला माझ्याकडे तोंड करून फिरवलं. त्याचा हात खांद्यापर्यंत वर आला होता. पट्टा त्याच्या अंगावर चढून कानांपाशी गेला होता, आणि डाव्या खांद्यावरची पट्टी दंडावर घसरत होती.

“हात वर करू नकोस!” मी ओरडलो. बटण केव्हा दाबलं ते आठवत नाही. “बिरू, हात खाली! कोपरं अंगाला चिकटव! पट्टा सैल आहे तुझा, निसटशील!”

“कोण बोलतंय?” मॅडम म्हणाल्या.

“राजमाने. स्टोअर. मी सत्तावीसच्या खाली आहे. त्याला लार्ज पट्टा आहे, मॅडम, त्याला मिडियम लागतो. मांड्यांना सैल आहे. सकाळी त्याने मला सांगितलं होतं.”

“बिरू, हात छातीवर बांध,” मॅडम लगेच म्हणाल्या. “कोणी काहीही म्हणालं तरी सोडू नकोस. रफिक, हात देऊ नकोस त्याला. राजमाने, वर काय सामान आहे?”

हे मला विचारायची गरज होती, कारण प्रत्येक टॉवरच्या पेटीत काय आहे ते माझ्या वहीत होतं आणि वही मला पाठ होती.

“हिरवी पट्टी आहे, दोन मीटरची, सामान उचलायची. चेनपुली आहे. दोन जादा कड्या आहेत. पेटी शिडीच्या डाव्या बाजूला.”

“रफिक?”

“जातो.”

तो पेटीकडे गेला तेवढा वेळ बिरू एकटा लटकत होता. दोन्ही हात छातीवर, थंडी वाजणाऱ्या माणसासारखे. वारा अकरावर गेला होता. मॅडमनी तो आकडा सेटवर सांगितला नाही, मला नंतर कळला. मी खालून बोलत राहिलो. काय बोललो? म्हशी किती दूध देतात, असं काहीतरी विचारलं. बिरूने सेटचं बटण दाबायला हात सोडू नये म्हणून उत्तर देऊ नकोस असंही सांगितलं. प्रश्न विचारायचा आणि उत्तर देऊ नको म्हणायचं. तो प्रकार यंत्रात भरून राहिलेला आहे.

रफिकने हिरव्या पट्टीचं वेटोळं करून खाली सोडलं. पहिल्यांदा वाऱ्याने ते उडवलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याने वेटोळ्याला पाना बांधला, आणि ते बिरूच्या गुडघ्यांपाशी आलं. बिरूने कोपरं न हलवता, नुसत्या पंजांनी ते मांड्यांखाली ओढून घेतलं. एक पाय गेला. मोज्याचा पाय दोनदा चुकला. मग तोही गेला, आणि त्याचं वजन पट्ट्यावरून निघून पाळण्यासारख्या त्या वेटोळ्यावर आलं. रफिकने चेनपुलीने त्याला एकेक कडी वर घेतलं. साखळीचा आवाज खालपर्यंत येत होता.

अकरा एकतीसला तो छतावर पालथा पडला होता आणि रफिक त्याच्या पाठीवर हात ठेवून रडत शिव्या देत होता.

शिडीने उतरायला त्याला पंचवीस मिनिटं लागली. दारातून बाहेर आला तेव्हा काखेत दोन्हीकडे पट्ट्याने सोललेलं होतं. त्याने माझ्या हातातल्या बुटाकडे पाहिलं.

“आना,” तो म्हणाला. पायरीवर बसून त्याने बूट पायात घातला, नाडी बांधली, आणि जीपची वाट पाहत बसला.

मी म्हणालो, “दवाखान्यात चल.”

“जुनं यंत्र वर ऱ्हायलं, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “नव्याची सही व्हायची ऱ्हाईल तुमची.”

चौकशीला पुण्याहून दोन साहेब आले. सेटवरचं बोलणं मोठ्या आवाजात लावलं. मी समोर बसून माझाच आवाज ऐकला.

“पट्टा सैल असल्याचं त्याने सकाळी सांगितलं होतं?”

“हो.”

“बदलून का दिला नाही?”

“वहीत लार्ज होतं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग थोरल्या साहेबांनी यंत्र मागे नेलं आणि पुन्हा लावलं. “तो पडल्यापासून तुमचा आवाज येईपर्यंत अडतीस सेकंद आहेत, राजमाने. तुम्ही खालीच होतात, पाहत होतात. अडतीस सेकंद काय करत होतात?”

“सेटचं बटण अडकत होतं, साहेब.”

त्यांनी तेही लिहून घेतलं. मला दुसरी लेखी ताकीद मिळाली, आणि पट्टा सैल असल्याचं ऐन वेळी सांगितल्याबद्दल त्याच कागदावर खाली एक ओळ कौतुकाची. सेट बदलून देण्याचा हुकूम निघाला. स्टोअर माझंच. मी जुना सेट घेतला, वहीत लिहिलं: बटण नादुरुस्त, बाद. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वहीत तेवढी एकच खोटी नोंद आहे.

अधिक महिन्याच्या शेवटच्या दिवशी बिरू पुन्हा खिडकीशी आला. तीन आठवड्यांची रजा संपवून, मॅडमच्या चिठ्ठीवर डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टरांनी त्याला धडधाकट ठरवलं होतं. हातात पितळी डबा होता, फडक्यात बांधलेला.

“हौसानं वाण धाडलंय. अनारसे. तेहतीस हायत, मोजून घ्या.”

“हे जावयाचं असतं, बिरू.”

“जावयाला तांब्याचं ताट दिलं.” तो थांबला. “आन् त्याला दहा नंबर लागतो, भाऊसाहेब. तुमी इचारलं व्हतं त्या दिशी, म्हून सांगतो.”

मी डबा घेतला आणि वहीशेजारी ठेवला. पुण्याहून नवा नियम आला होता: सगळ्यांची मापं नव्याने घ्यायची, दर सहा महिन्यांनी, आणि नुसता आकडा न लिहिता पायाचा आकार कागदावर काढून ठेवायचा. पहिलं माप कोणाचं घ्यायचं, हा प्रश्न नव्हता. मी स्टोअरचं दार उघडून त्याला आत घेतलं. इतक्या वर्षांत तो आत कधी आलेला नव्हता. कोणीच येत नसे. मी जमिनीवर कागद पसरला आणि पेन्सिल घेऊन गुडघ्यावर बसलो.

त्याने डावा पाय कागदावर ठेवला. मी टाचेपासून सुरुवात केली.

“सेट बदलला म्हनं तुमचा,” तो वरून म्हणाला.

“हो. बटण अडकत होतं.”

“न्हवतं अडकत.”

माझी पेन्सिल थांबली.

“माझ्या छातीवर सेट व्हता,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, म्हशींबद्दल बोलावं तसा. “वरनं रफिक वरडत व्हता. तेवढ्यात सेटवर कट्ट झालं. कुनीतरी बटण दाबलं की व्हतंय तसं. म्या म्हनलं, खालनं कायतरी सांगाय लागल्यात, ऐकावं आधी. म्हून हात थांबवला. कुनी बोललंच न्हाई. मग परत हात उचलला. परत कट्ट झालं. परत थांबलो.”

मी वर पाहिलं नाही. त्याच्या पायाची नखं मला दिसत होती, आणि अंगठ्याजवळ मोठा बूट घासून पडलेला घट्टा.

“दोनदा थांबलो, भाऊसाहेब,” बिरू म्हणाला. “तिसऱ्यांदा न्हाई थांबलो.”

बाहेर कोणीतरी हातमोज्यांसाठी खिडकी वाजवली. मी पेन्सिल अंगठ्याभोवतून नेली, मग एकेका बोटाभोवतून, करंगळीवरून बाहेरच्या कडेने परत टाचेला आणली. रेघ जिथे सुरू झाली होती तिथे मिळाली.

“झाला का ह्यो?” त्याने विचारलं.

“झाला.”

त्याने पाय उचलला आणि दुसरा पुढे केला.